बिल येतं टेबलावर, पण ठरतं फोनवर

पत्र: आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं पूर्ण होताहेत. त्यांना शहरातल्या उच्चभ्रू भागातल्या चांगल्या रेस्तराँमध्ये जेवायला न्यायचं ठरवलंय. आम्ही सहा जण: आई-बाबा, दादा-वहिनी, मी आणि माझा नवरा. आई शाकाहारी आहे, वहिनीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, बाबा श्रवणयंत्र वापरतात. दादा-वहिनी वाइन घेतात; मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मागे अशाच एका ठिकाणी मेन्यू बघून मनात केलेल्या हिशेबाच्या दीडपट बिल आलं होतं. या वेळी बिल मी देणार आहे, पण बाबा पाकीट काढल्याशिवाय राहणार नाहीत. खर्चाचा अंदाज आधी यावा आणि तिथे गेल्यावर बावचळायला होऊ नये, यासाठी काय करू?

उत्तर: मागच्या वेळी तुमची बेरीज चुकली नव्हती, ती अर्धवट राहिली होती. मेन्यूवर पदार्थांच्या किमती असतात, जेवणाची नसते. समजा, तुम्ही मनात धरलेल्या पदार्थांची बेरीज १०० झाली. त्यात बाटलीतलं पाणी, पेयं आणि शेवटची कॉफी यांचे ३० मिळवा, झाले १३०. त्यावर सेवा शुल्क १० टक्के धरलं तर १४३. कर या सगळ्यावर १० टक्के लागला तर १५७. टक्के जागेप्रमाणे कमीजास्त होतील, पण दीडपटीचा उलगडा हा असा आहे. कुणी फसवलेलं नसतं. मेन्यूच्या तळाशी बारीक अक्षरात ‘कर व सेवा शुल्क वेगळे’ असं लिहिलेलं असतं आणि ती ओळ आपण वाचत नाही.

म्हणून अंदाज असा काढा. रेस्तराँच्या संकेतस्थळावरचा मेन्यू उघडा आणि तो आत्ताचा आहे का हे फोन करून विचारा, कारण अनेक ठिकाणी दोन-तीन महिन्यांनी किमती बदलतात आणि संकेतस्थळावर जुनाच कागद राहतो. मुख्य पदार्थांपैकी मधल्या किमतीचा एक धरा आणि त्याला सहाने गुणा. त्यात तीन स्टार्टर, दोन साइड डिश, तीन डेझर्ट, एक वाइनची बाटली, बाकीच्यांची पेयं, तीन बाटल्या पाणी आणि चार कॉफ्या मिळवा. त्यावर सेवा शुल्क आणि कर चढवा. जो आकडा येईल त्यात आणखी १० टक्के हाताशी ठेवा. साइड डिशकडे मुद्दाम लक्ष द्या. अशा ठिकाणी मुख्य पदार्थाबरोबर भाजी किंवा बटाटा येईलच असं नसतं, तो वेगळा मागवावा लागतो आणि यादीत सगळ्यात शेवटी लिहिलेला असतो.

मेन्यूत किमतीपुढे चलनाचं चिन्ह नसेल, नुसताच आकडा असेल, तर तेही सहज घडलेलं नसतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या २००९ सालच्या अभ्यासात नुसता आकडा असलेला मेन्यू हातात पडलेल्या गिऱ्हाइकांनी चिन्ह असलेल्या मेन्यूच्या तुलनेत जास्त खर्च केल्याचं दिसलं होतं.

अंदाज कोलमडतो तो तीन जागी. पहिली म्हणजे वजनावर विकले जाणारे पदार्थ. अख्खा मासा किंवा शेवंड यांची किंमत मेन्यूत १०० ग्रॅमला दिलेली असते. आकडा छोटा दिसतो, पण मासा १.२ किलोचा निघाला तर तो बारा पट होतो. मागवण्याआधी ‘आज जो आहे तो किती वजनाचा आहे, आणि एकूण किती होतील?’ असं विचारा. वजन कच्च्या माशाचं धरतात, शिजवलेल्याचं नाही. दुसरी जागा म्हणजे वेटर तोंडी सांगतो ते आजचे खास पदार्थ. त्यांची किंमत तो आपणहून सांगेलच असं नाही, आणि ते छापील पदार्थांपेक्षा महाग असू शकतात. किंमत विचारण्यात कमीपणा काहीच नाही. रोज तिथे जेवणारी माणसंसुद्धा विचारतात. तिसरी जागा पाण्याची. ‘साधं की बुडबुड्यांचं?’ या प्रश्नात दोन्ही उत्तरं बाटलीचीच असतात. नळाचं किंवा गाळलेलं पाणी मिळत असेल तर तसं स्पष्ट मागा. बाटली घेतलीत तर ‘दुसरी उघडण्याआधी विचारा’ एवढं सांगून ठेवा, नाहीतर पेले भरत राहतात आणि बिलात सहा बाटल्या दिसतात.

आता जागेची निवड. तुमच्या पत्रातला सगळ्यात अवघड मुद्दा बिलाचा नाही, बाबांच्या श्रवणयंत्राचा आहे. शेजारी बसलेल्या माणसाचं साधं बोलणं साधारण ६० डेसिबल असतं. भरलेल्या, उघड्या काँक्रीटच्या छताच्या, काचेच्या भिंतींच्या रेस्तराँमध्ये गोंगाट ८० च्या वर जातो. तेव्हा चांगलं ऐकू येणाऱ्यालाही ओरडावं लागतं. जागेचे फोटो नीट बघा. गालिचा, पडदे, कापडी खुर्च्या, टेबलावर कापड असेल तर आवाज शोषला जातो. काँक्रीटची जमीन, उघडं स्वयंपाकघर आणि मधोमध बार असेल तर ती जागा बाद करा, जेवण कितीही उत्तम असो. इथे पुरस्कार आणि तारे उपयोगाचे नाहीत. मिशेलिन या रेस्तराँ-मार्गदर्शिकेचा तारा ताटातल्या अन्नासाठी असतो. खोली शांत आहे की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही.

टेबल गोल मागा. सहा जणांसाठी १२० ते १३५ सेंटिमीटर व्यासाचं टेबल पुरतं आणि सगळे सगळ्यांना दिसतात. लांब टेबलाच्या एका टोकाला बाबा बसले की दुसऱ्या टोकाचं त्यांना काहीच कळत नाही आणि ते नुसते हसत बसतात. बहुतेक श्रवणयंत्रांत गोंगाटासाठी समोरचा आवाज जास्त पकडायची सोय असते. म्हणून बाबांच्या पाठीशी खोली आणि समोर घरची माणसं अशी जागा त्यांना द्या. त्यांना ‘मानाची जागा’ म्हणून भिंतीला पाठ करून खोलीकडे तोंड करून बसवलं, तर यंत्र सगळ्या खोलीचा कलकलाट गोळा करेल. एका कानाने जास्त चांगलं ऐकू येत असेल तर आईला त्या बाजूला बसवा. बोलणाऱ्यांच्या मागे उजेडाची खिडकी नको. चेहरे काळे दिसतात आणि ओठ वाचता येत नाहीत. मेणबत्तीच्या मंद उजेडाचंही तेच.

उंच टेबलांपासूनही सांभाळा. नव्या धाटणीच्या ठिकाणी मोठ्या गटाला बऱ्याचदा बारसारख्या उंच टेबलावर बसवतात. साध्या टेबलाची उंची ७५ सेंटिमीटरच्या आसपास असते, उंच टेबलाची १०५ च्या वर, आणि त्याच्या स्टुलाला पाठ असतेच असं नाही. चाळिसाव्या लग्नवाढदिवशी आई-बाबांना दोन तास स्टुलावर लटकवू नका. जिने किती, स्वच्छतागृह तळघरात आहे का, गाडी दाराशी थांबते का, हेही आत्ताच विचारून घ्या.

बुकिंगचा फोन भरगर्दीच्या वेळी करू नका. दुपारचं जेवण आटोपल्यावर आणि संध्याकाळ सुरू व्हायच्या आधी, साधारण तीन ते पाचच्या दरम्यान केलात तर पलीकडचा माणूस नीट ऐकतो आणि लिहून घेतो. ॲपवरून बुकिंग केलंत तरी हा फोन कराच. ॲपमधल्या ‘विशेष सूचना’च्या चौकटीत काय लिहिलंय ते स्वयंपाकघरापर्यंत पोचेल याची खात्री नसते. बोलणं साधारण असं होऊ द्या:

‘सहा जणांचं टेबल हवंय, आई-वडिलांच्या लग्नाचा वाढदिवस आहे. एकाला शेंगदाण्याची गंभीर ॲलर्जी आहे, एक जण पूर्ण शाकाहारी. वडिलांना कमी ऐकू येतं, तेव्हा स्पीकर, बार आणि स्वयंपाकघराच्या दारापासून लांबचं, साध्या उंचीचं गोल टेबल मिळेल का? सहा जणांना वेगळे नियम आहेत का? टेबल किती वेळ आमचं असेल? सेवा शुल्क किती, आणि ते ऐच्छिक आहे की बंधनकारक?’

‘सहा जणांना वेगळे नियम’ हा प्रश्न विसरू नका. पुष्कळ रेस्तराँ सहा किंवा आठपासून पुढे गट मानतात. मग ठरावीक मेन्यूच घ्यावा लागतो, सेवा शुल्क आपोआप लागतं किंवा आगाऊ रक्कम मागतात. ती रक्कम किती तास आधीपर्यंत रद्द केलं तर परत मिळते ते विचारा. २४ किंवा ४८ तास असं काहीतरी उत्तर येईल. सहाऐवजी पाचच जण आले तर काय, हेही विचारा. काही ठिकाणी न आलेल्या माणसामागे पैसे कापतात. वेळेचंही तसंच. दोघांना दीड तास, चार-सहा जणांना दोन तास आणि मग दुसरी पंगत, असा हिशेब सर्रास असतो. तुम्हाला घाई नको असेल तर शेवटची पंगत बरी वाटेल, पण तेव्हाच गोंगाट सर्वांत जास्त असतो. तुमच्यासाठी आठवड्याच्या मधला दिवस आणि सगळ्यात पहिली वेळ. रिकाम्या खोलीत स्टार्टर होतात आणि गर्दी भरेपर्यंत तुम्ही डेझर्टवर असता. वेळेत पोचा, कारण बहुतेक ठिकाणी टेबल पंधरा मिनिटंच राखून ठेवतात.

केक बाहेरून आणणार असाल तर विचारा. तो कापून वाढायचे माणशी पैसे लावणारी रेस्तराँ आहेत. वाढदिवस आहे असं सांगितलं की कुठे कुठे दिवे मंद करून, टाळ्या वाजवत गाणं म्हणतात. बाबांना ते रुचणार नसेल तर ‘गाणं नको, डेझर्टच्या ताटलीत शुभेच्छा लिहिल्या तर पुरे’ असं सांगून टाका.

वहिनींच्या ॲलर्जीचं तीनदा सांगायचं: बुकिंगला, टेबलावर बसल्या बसल्या, आणि प्रत्येक पदार्थ मागवताना. ‘शेंगदाणे नकोत’ असं म्हणू नका, ‘शेंगदाण्याची ॲलर्जी आहे’ असं म्हणा. पहिल्या वाक्यावर आचारी वरचे दाणे काढून टाकतो. दुसऱ्यावर चांगल्या स्वयंपाकघरात कापायची फळी बदलते, सुरी बदलते, तवा वेगळा घेतात. ‘नट्स’ हा शब्दही धोक्याचा आहे, कारण शेंगदाणा शेंगवर्गातला असल्याने कुणी तो त्यात धरतं, कुणी धरत नाही. युरोपीय संघाच्या १४ ॲलर्जीकारक घटकांच्या यादीतही शेंगदाणे आणि बदाम-अक्रोडासारखा सुका मेवा या दोन वेगळ्या नोंदी आहेत. वहिनींना कोणतं चालत नाही ते नाव घेऊन सांगा.

प्रश्न विचारायचे ते नेमके: तळणीचं तेल कोणतं, आणि त्याच कढईत दाणे असलेलं काही तळलं जातं का? सॉस सकाळी एकदाच मोठ्या प्रमाणात करून ठेवलेला आहे का? असेल तर त्यातून काही ‘वगळणं’ शक्यच नसतं, मग तो पदार्थ सोडून द्यायचा. डेझर्टवरचा कुरकुरीत चुरा कशाचा आहे? हीच जागा सर्वांत जास्त दगा देते, कारण मेन्यूत त्याचा उल्लेख नसतो. वेटर ‘बहुधा नाही’ म्हणाला तर ते उत्तर नव्हे. त्याला आत जाऊन विचारून यायला सांगा. वहिनींना डॉक्टरांनी ॲड्रेनलिनचं इंजेक्शन जवळ ठेवायला सांगितलं असेल तर ते पर्समध्ये, खुर्चीशी हवं. अशा ठिकाणी दाराशी कोट-जाकीट काढून घेतात आणि खिशातलं इंजेक्शन त्यांच्याबरोबर आत टांगलं जातं.

आईच्या ताटाचं थोडक्यात. मेन्यूवरचं हिरवं चिन्ह म्हणजे दिसणारा मांसाचा तुकडा नाही, इतकंच असू शकतं. सूप आणि रिसोत्तो हा इटालियन भात कोंबडी उकळलेल्या पाण्यात, म्हणजे स्टॉकमध्ये, केलेले असू शकतात, सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये सहसा अँचोव्ही मासा असतो, थरथरणाऱ्या डेझर्टमध्ये बऱ्याचदा प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन असतं. अस्सल पार्मेजानो चीज वासराच्या जठरातलं, दूध घट्ट करणारं रेनेट वापरूनच करतात. आई यातलं कुठवर पाळतात ते आधी त्यांनाच विचारा आणि तेवढंच फोनवर सांगा.

टेस्टिंग मेन्यू घ्यावा का? तुमच्या टेबलासाठी नको. सात-दहा छोटे पदार्थ, अडीच ते साडेतीन तास, आणि सहसा सगळ्या टेबलाने तोच घ्यावा लागतो. ॲलर्जी आणि शाकाहार दोन्ही एकाच टेबलावर असले की स्वयंपाकघराला निम्मे पदार्थ बदलावे लागतात आणि बदललेले पदार्थ क्वचितच मूळच्या तोडीचे असतात. साध्या मेन्यूतून मागवा: स्टार्टर तीन घेऊन मध्ये ठेवा, मुख्य पदार्थ ज्याचा त्याने. वहिनींनी मात्र मधल्या ताटलीतून घेऊ नये, स्वतःची वेगळी घ्यावी. चमचे इकडचे तिकडे होतात.

वाढण्याच्या क्रमाबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या. पहिल्या ताटल्या उचलल्या गेल्या की आत मुख्य पदार्थ करायला घेतात. एकाने स्टार्टर रेंगाळत खाल्लं तर सगळ्यांचं थांबतं, आणि ‘इतका वेळ का?’ याचं उत्तर बऱ्याचदा आपल्याच टेबलावर असतं. पदार्थ थंड, खारट किंवा चुकीचा आला तर पहिल्या दोन घासांनंतर सांगा. तेव्हा दहा मिनिटांत दुसरा येऊ शकतो. ताटली रिकामी करून केलेल्या तक्रारीवर फक्त पैशांची घासाघीस उरते.

वाइनचं ओझं घेऊ नका. यादी दादांकडे द्या, पण बिल तुमचं आहे म्हणून एक युक्ती: यादी तुम्हीच उघडा, तुम्हाला परवडेल अशा एका किमतीवर बोट ठेवा आणि वेटरला म्हणा, ‘आमच्या जेवणाबरोबर या आसपासचं काही सुचवा.’ तो बोटाखालचा आकडा बघतो, टेबलावर कुणाला काही कळत नाही. बाटली ७५० मिलिलिटरची असते. १५० चा पेला धरला तर पाच पेले. दादा-वहिनी मिळून तीनच पेले घेणार असतील तर सुटे पेले परवडतात, चार किंवा जास्त झाले तर बाटली. बाटली उघडल्यावर थोडीशी ओतून चव बघायला देतात ती ‘आवडली का’ म्हणून नव्हे, बिघडली आहे का हे बघायला. वास घ्यायचा. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर बुचामुळे ती खराब झालेली आहे, परत करा. तसं नसेल तर मान हलवायची, संपलं. घरची बाटली नेणार असाल तर ती उघडण्याचे पैसे किती घेतात, ते फोनवरच विचारा.

काटे-चमचे बाहेरून आत या क्रमाने वापरायचे, पावाची छोटी ताटली डावीकडची आपली, पेला उजवीकडचा. सुरी-काटा शेजारी-शेजारी समांतर ठेवले की ताटली नेतात. खाणं चालू असेल तर दोन्ही अलग ठेवा. चुकीचा काटा उचललात तर वेटर गुपचूप दुसरा आणून ठेवतो. पोशाखाच्या नियमात ‘स्मार्ट कॅज्युअल’ असेल तर बंद बूट, लांब पँट, कॉलरचा शर्ट एवढं पुरतं. हाफ पँट आणि रबरी चपला मात्र दारातून परत पाठवल्या जाऊ शकतात.

बाबांच्या पाकिटावर उपाय सोपा आहे आणि तो जेवणाआधीचा आहे. पोचल्यावर सगळे बसेपर्यंत तुम्ही मॅनेजरकडे जा, कार्ड दाखवा आणि सांगा, ‘बिल टेबलावर आणू नका. डेझर्ट झालं की मी काउंटरवर येईन.’ कॉफी येईल तेव्हा हात धुवायच्या निमित्ताने उठा. बाबा पाकीट काढतील तेव्हा द्यायला काही उरलेलंच नसेल. रुसले तर टॅक्सीचे पैसे त्यांना देऊ द्या.

काउंटरवर बिल उभ्या उभ्या वाचा. माणसं सहाच आहेत ना, पाण्याच्या बाटल्या किती, परत पाठवलेला पदार्थ वगळलाय ना, माशाचं वजन सांगितलं तेच आहे ना. सेवा शुल्काची ओळ असेल तर वर टीप देणं तुमच्या मर्जीवर. कार्डाच्या यंत्रावर पुन्हा टीपेचे टक्के विचारले तर ‘नको’चं बटण सहसा सर्वांत खाली असतं. टीप द्यायचीच असेल तर कराआधीच्या रकमेवर मोजा, यंत्र बऱ्याचदा करासकट रकमेवर मोजतं. बुकिंगला भरलेली आगाऊ रक्कम वजा झाली आहे का ते बघा, ती चुकून तशीच राहून जाते. आणि आगाऊ पैसे न घेता कार्डावर नुसती रक्कम अडकवून ठेवली असेल, तर ती मोकळी व्हायला काही दिवस लागतात; आठवडाभरानंतरही खात्यात तशीच दिसली तर आधी रेस्तराँला आणि मग बँकेला फोन करा. बिलाचा कागद तोवर टाकू नका.